भिजवलेलं भात दरवर्षी आंबतं, कोंब येतो पण मूळ येत नाही: नेमकं कुठे बिघडतं

मृग लागला की आमच्या गोव्यात डिचोलीच्या बाजूला घरोघर भात भिजत पडतं, आणि आमच्या घरी ते दरवर्षी आंबायचं. एकदा झालं असतं तर चाललं असतं, पण सलग तीन वर्षं तेच. १५ किलो ज्योती जातीचं भात, निळं प्लॅस्टिकचं पिंप, वर पाणी, पाल-बिल पडू नये म्हणून वर झाकण, मग टिलरवाला मिळाला नाही म्हणून आजचा दिवस राहू दे, उद्याचा राहू दे असं करत करत तिसऱ्या दिवशी झाकण काढलं की भपकन वास. आणि वास सडका नाही हं, सरळ हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, एप्रिलमध्ये काजूच्या भाटीवरून जाताना येतो ना तस्साच.

मूठभर भात वर काढून बघितलं तर दाण्यादाण्याला पांढरा कोंब, नाजूक, दोऱ्यासारखा, काहींचा तर दाण्याएवढा लांब. मी खूश. म्हटलं वास येऊ दे, मोड तर आलाय. नेऊन वाफ्यात फेकलं आणि आठ-दहा दिवसांत वाफ्याला टक्कल, मधे मधे चार-चार रोपांचे पुंजके आणि बाकी नुसता चिखल. शेजारचे तात्या बांधावर उभे राहून बघत होते, म्हणाले, "अरे बाबा, कोंब बघून कसला नाचतोस, मूळ कुठाय ते बघ. घुसमटलं तुझं बी."

तात्यांची शाळा चौथीत सुटली. माझी बीएस्सीला बॉटनी होती, मायटोकॉन्ड्रियाची, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघराची, आकृती पेन्सिलीने शेडिंग करून काढायचो, मार्कही चांगले पडायचे, पण त्या आकृतीचा आणि या निळ्या पिंपाचा काही संबंध असेल हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आता बरंच वाचून, बरंच भात वाया घालवून थोडं कळलंय. जून आला की पाच-सहा जणांचा फोन ठरलेला असतो आणि दर वेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

आधी दाणा हातात घ्या

काही करण्याआधी पाच-दहा दाणे तळहातावर घेऊन नीट बघा, बाकी निदान त्यातच आहे. भात ओलं आहे पण हवेत आहे अशा स्थितीत रुजलं तर मूळ आधी डोकावतं, निदान कोंबाच्या बरोबरीने तरी येतंच. तेच भात पाण्यात बुडालेलं राहिलं तर उलटं होतं, कोंब लांबत जातो आणि मुळाचा पत्ता नसतो. म्हणजे लांब पांढरा कोंब, मूळ नाही, वर दारूसारखा वास, हे तिन्ही एकत्र दिसलं तर बियाणं वाईट नव्हतं, दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, तुम्ही त्याचा श्वास कोंडलात. मी भांडून आलो होतो, म्हणून सांगतो.

आता असं का होतं, तर त्यासाठी थोडं आत शिरावं लागेल. वाळलेलं बी म्हणजे मेलेलं नाही आणि धड जिवंतही दिसत नाही असा प्रकार. १२-१३ टक्के ओल, पेशीच्या आतला रस काचेसारखा घट्ट झालेला, श्वासोच्छ्वास जवळजवळ बंद. भाताचा दाणा सोलून बघा, टोकाला एका कोपऱ्यात जो बारीकसा पांढुरका ठिपका असतो, मिलमध्ये पॉलिश करताना पडतो तो, तोच गर्भ. पुढचं सगळं रोप त्या ठिपक्यातून निघायचं असतं, बाकी दाणा म्हणजे नुसता शिधा. त्या ठिपक्यातल्या पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रिया असतात पण पुस्तकातल्या आकृतीसारखे नाहीत. आकृतीत आतल्या पडद्याच्या कशा छान घड्याच घड्या दाखवतात, इथे त्या घड्या जेमतेम असतात, नुसती पिशवी म्हणा ना. त्यांना प्रोमायटोकॉन्ड्रिया म्हणतात. घर बांधायला काढलंय, चौथरा झालाय, दाराची चौकट उभी आहे आणि आत अजून काही नाही, तसं.

चौकट उभी आहे हे मी उगाच म्हटलं नाही. मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा थोडासा डीएनए असतो पण त्यावर त्याची मोजकीच प्रथिनं बनतात, बाकीची हजाराच्या वर प्रथिनं पेशीच्या केंद्रकातल्या माहितीवरून बाहेर तयार होऊन आत यावी लागतात. भातावर हा अभ्यास झालाय, त्यात असं दिसलं की सुक्या दाण्यातल्या त्या अर्धवट मायटोकॉन्ड्रियात बाकी सामान कमी असलं तरी प्रथिनं आत ओढून घेणारी दारं मात्र आधीच भरपूर बसवलेली असतात. म्हणजे बी पिकून वाळतानाच पुढच्या वर्षीची तयारी करून झोपतं, सामान आलं की लगेच आत घेता यावं म्हणून. मला हे वाचून जाम मजा वाटली होती.

मग पाणी मिळतं. पहिले काही तास बी अधाशासारखं पाणी ओढतं, यात जिवंत-मेलेलं असा फरक नाही, मेलेलं बीसुद्धा फुगतं, म्हणून फुगलं म्हणजे उगवणार असं समजू नका. त्यानंतर पाणी ओढणं मंदावतं, बाहेरून बघाल तर काहीच चाललेलं नाही असं वाटतं, आणि नेमकं याच वेळात आतलं खरं बांधकाम होतं. श्वासोच्छ्वास तर पाणी लागल्यावर लगेच सुरू झालेला असतो, पण जुन्या मोडक्या सामानावर. आता जुन्याची डागडुजी होते, नवी प्रथिनं आत येतात, पडद्याच्या घड्या वाढतात, श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे पुढे देणारी साखळी पूर्ण होते आणि एक-दोन दिवसांत ते आकृतीतल्यासारखे दिसायला लागतात. मोहरीच्या कुळातलं एक इवलंसं रोप आहे अरॅबिडॉप्सिस नावाचं, प्रयोगशाळांचं लाडकं, त्याच्या बियांत हे सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतपणी बघितलंय, २०१७ मध्ये ते छापून आलं. त्यात आधी सुटे सुटे असलेले मायटोकॉन्ड्रिया मधे एकदा सगळे जोडले जाऊन केंद्रकाभोवती जाळ्यासारखे होतात, आपापला डीएनए एकमेकांत मिसळून घेतात आणि मग पुन्हा तुटून संख्येने वाढतात. पेशी विभागायच्या आधी सगळ्यांना सारखा वाटा मिळावा म्हणून असणार.

मानस आणि बांध

ऊर्जा कशी तयार होते हे पुस्तकातून कळायला मला दोन वर्षं लागली आणि खाजनावर, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, उभं राहिल्यावर दोन मिनिटं. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यातून हायड्रोजनचे कण, म्हणजे प्रोटॉन, त्या इलेक्ट्रॉनच्या साखळीवर चालणाऱ्या पंपांनी बाहेर ढकलले जातात. बाहेर गर्दी होते, आत कमी राहतात, भरतीला बांधाच्या बाहेर पाणी चढतं आणि आत शेत खाली असतं अगदी तसं. आत यायला वाट एकच, एक बारीकसं दार, आणि त्या दारातून आत घुसताना ते एक चाक फिरवतात आणि त्या फिरण्यावर एटीपी बनतं, जे पेशीचं रोजचं चलन. आपली मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, भरतीला बंद होते, इथे भरतीच्याच धारेवर चाक फिरतं, एवढाच फरक. हे सांगितल्याबद्दल पीटर मिचेल यांना १९७८ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्याआधी कितीतरी वर्षं त्यांचं कोणी ऐकत नव्हतं.

आता यात ऑक्सिजनचं काम काय, तर तो साखळीच्या शेवटी उभा राहून वापरून झालेले इलेक्ट्रॉन उचलतो. तो नसेल तर साखळी तुंबते, पंप थांबतात, भरतीच येत नाही. मग पेशीला साखर अर्धवट मोडून पोट भरावं लागतं. ग्लुकोजचा एक रेणू हवेत पूर्ण जाळला तर ३० च्या आसपास एटीपी मिळतात, हवेशिवाय आंबवला तर फक्त २, आणि वर कचरा म्हणून अल्कोहोल. म्हणून हुर्राकाचा वास! पाण्यातले यीस्ट आणि बॅक्टेरियाही त्यात भर घालतात, पण सुरुवात भाताने स्वतःच केलेली असते.

आणि आणखी एक, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हवा नसली की नुसती चालू मायटोकॉन्ड्रिया बंद पडत नाहीत, नवीन पूर्णही होत नाहीत. भातात बघितलंय की ऑक्सिजनशिवाय प्रथिनं आत ओढणारी ती दारं वगैरे बसतात पण श्वसनाच्या साखळीतले महत्त्वाचे भाग अपुरे राहतात, हवा मिळाली की मग काम पुढे सरकतं. तुम्ही तिसऱ्या दिवशी पिंप उघडता तेव्हा तुमचं भात तीन दिवसांचं दिसतं पण आतून ते पहिल्याच दिवसाला अडकलेलं असतं, शिवाय तेवढ्याच एटीपीसाठी शिधा मात्र १५ पट उडवलेला. कोंब लांबवणं ही त्याची धडपड आहे, पाण्याच्या वर नाक काढता आलं तर बघू म्हणून. पेशी नवीन फारशा बनत नाहीत, आहेत त्याच ताणल्या जातात, ते २ एटीपीत भागतं. मूळ काढायला मात्र भांडवल लागतं, ते नाही. भात निदान एवढं तरी करतं. मूग, अळसांदे (आमची चवळी), शेंगदाणे यांना हेही जमत नाही, ते सरळ मरतात.

मग आता मी काय करतो

पिंप बंद. पसरट टब घेतो किंवा सरळ दोन मोठ्या बादल्या, झाकण नाही. आधी मिठाच्या पाण्यात, १० लिटरला ३०० ग्रॅम मीठ, ढवळून वर तरंगतं ते पोल काढून टाकायचं आणि खालचं दोन-तीन पाण्यांनी धुवायचं. हे धुणं चुकवू नका, मीठ राहिलं तर बी पाणी ओढायलाच कुरकुर करतं. मग साध्या पाण्यात २४ तास, जास्त नाही. पाणी सकाळ-संध्याकाळ बदलायचं, कारण ३० अंशाच्या लिटरभर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो जेमतेम साडेसात मिलिग्रॅम, तेवढ्याच हवेत अडीचशेच्या वर असतो, आणि पाण्यातून तो पसरतोही हवेच्या मानाने हजारो पट हळू. वरचं वरचं भात श्वास घेतं, तळाचं गुदमरतं. पिंप जितकं खोल तितकं वाईट, हे लक्षात आलं असेल.

२४ तासांनी पाणी ओतून टाका. पाणी नीट निथळलं पाहिजे, रोवळीत किंवा मोठ्या टोपलीत अर्धा तास, घाई नाही. मग ओल्या गोणपाटात सैल बांधा, घट्ट नाही, प्लॅस्टिकच्या खताच्या पिशवीत तर अजिबात नाही. मी दोन वर्षं तेच केलं होतं, गोणपाट मिळत नाही म्हणून, आणि मग म्हणायचो की भिजवण्यात काय चुकतंय. भिजवण्यात नव्हतं, पिशवीत होतं. ओल हवी पण दाण्यांच्या मधल्या फटीत पाणी नको, हवा हवी, सगळं गणित एवढंच. दीड दिवसात, थंडी असेल तर दोन, दाण्याच्या टोकाला पांढरा टिपका फुटतो, तो अर्ध्या दाण्याएवढा व्हायच्या आत वाफ्यात गेलं पाहिजे. लांब मुळं एकमेकांत अडकतात आणि फेकताना तुटतात.

या गठ्ठ्यात आणखी एक भानगड होते, आणि ती पहिल्या चुकीच्या बरोबर उलटी. यंदा हवा भरपूर दिली, बांधलं नीट, पण ढीग दोन हात उंच केला, ताडपत्री टाकली आणि शिगम्याला आलेल्या पाव्हण्यासारखं विसरून गेलो. दुसऱ्या दिवशी मधे हात घातला तर चटका! साखरेतली सगळी ऊर्जा काही एटीपीत जात नाही, निम्म्याहून जास्त उष्णता होऊन बाहेर पडते, आणि लाखो मायटोकॉन्ड्रिया एकदम सुरू झाले की ढीग तापतो. भाताला ३०-३५ अंश मानवतं, ४० च्या वर गेलं की त्रास, आणि मधे ते सहज जातं. कडेचं भात मस्त, मधलं शिजल्यासारखं पिवळट, बुळबुळीत. उपाय सोपा, ढीग वीतभर उंचीचाच ठेवा, दिवसातून दोन-तीनदा वरखाली करा, गरम लागलं तर पाण्याचा हबका मारा. तात्या कोपरापर्यंत हात घालून बघतात, तान्ह्या पोराच्या आंघोळीचं पाणी बघावं तसं.

उगवतं, पण उशिरा आणि एकसारखं नाही

ही दुसरी तक्रार, आणि ती भातापेक्षा अळसांदे, भुईमूग आणि मिरचीची जास्त असते. कारण बघा, आपल्याकडे सरद, म्हणजे पावसाळी भात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापलं जातं आणि जूनमध्ये पेरलं जातं, म्हणजे त्याचं बियाणं कोरड्या महिन्यांत राहतं. अळसांदे फेब्रुवारी-मार्चमध्ये काढले की पुन्हा वायंगणाच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या पिकाच्या वेळीच पेरायचे, म्हणजे सगळा पावसाळा ते डब्यात बसून बघतात. आणि गोव्यातला जुलै काय असतो ते सांगायला नको, चपलांना बुरशी येते तिथे बियांचं काय घेऊन बसलात.

बियाणं हवेतली ओल ओढून घेतं. उघड्या पिशवीतलं बी पावसाळ्यात सहज १५ टक्क्यांच्या वर जातं, आणि या ओलीत ते रुजूही शकत नाही आणि झोपूही शकत नाही, अर्धजागं राहून जिरत जातं. आतल्या पडद्यांतली चरबी खवट होते, मायटोकॉन्ड्रियाचा पडदा गळका होतो. मघाचं खाजन आठवा, बांधालाच भगदाडं पडली तर मानशीला काय अर्थ, पंप कितीही चालले तरी भरती टिकत नाही, चाक फिरत नाही. असं बी पाण्यात टाकलं की आधी बांध बुजवण्यात त्याचे एक-दोन दिवस जातात, मग मूळ. थोडं खराब असेल तर उशिरा उगवतं, जास्त असेल तर उगवून लुळं राहतं, अजून जास्त असेल तर नुसतं फुगतं आणि कुजतं. आणि डब्यातल्या प्रत्येक दाण्याची हालत वेगळी म्हणून वाफ्यात एक रोप वीतभर आणि शेजारचं अजून मातीत.

हॅरिंग्टन नावाच्या बियाणं-शास्त्रज्ञाचा एक ढोबळ नियम आहे तो मी स्वयंपाकघरातल्या कपाटाला आतून चिकटवून ठेवलाय: बियातली ओल १ टक्का कमी केली की त्याचं आयुष्य दुप्पट, आणि ठेवायच्या जागेचं तापमान ५ अंशांनी कमी केलं की पुन्हा दुप्पट. अगदी कोरडं आणि अगदी ओलं सोडून मधल्या पट्ट्यात तो चालतो. आपण तापमानाचं फार काही करू शकत नाही, ओलीचं करू शकतो. एप्रिल-मेच्या उन्हात सकाळच्या वेळी सुपात पातळ पसरून दोन-तीन दिवस, भर दुपारी तापलेल्या सिमेंटच्या स्लॅबवर नको, तिथे ते भाजतं. गार झालं की काचेच्या बरणीत गच्च, सोबत सिलिका जेलच्या पुड्या (औषधाच्या बाटल्यांतल्या, नव्या बुटांच्या खोक्यांतल्या, टाकू नका, जमवा) आणि झाकणाला मेणाचा किंवा टेपचा वेढा. ओलं बी बरणीत कोंबू नका, त्यापेक्षा उघडं बरं. फ्रीजमध्ये ठेवत असाल तर काढल्यावर बरणी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर आत दव जमतं आणि केलेली मेहनत फुकट.

पेरणीच्या पंधरा दिवस आधी १०० दाणे मोजून ओल्या फडक्यात ओळीने मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. आठवड्याने उलगडून मोजा. प्रमाणित भात बियाण्याला निदान ८० टक्के उगवण लागते, मिरचीला ६०. तुमचं ५० आलं तर दुप्पट पेरा किंवा सरळ नवीन आणा, वाफ्यात पाणी ओतून ते सुधारणार नाही. आणि नुसता आकडा बघू नका, किती दिवसांनी उगवलं तेही लिहा. ८५ टक्के उगवलं पण सातव्या दिवशी, म्हणजे बांध गळका आहे, पुढच्या वर्षी ते बियाणं धरू नका.

बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत तर इतकंही थांबत नाहीत. दाणा भिजवून चिरतात आणि टेट्राझोलियम नावाच्या बिनरंगी द्रावणात ठेवतात. जिवंत पेशींतली श्वसनाची एन्झाईमं त्याला हायड्रोजन देतात आणि ते लालभडक होतं, मेलेला भाग पांढराच राहतो. कॉलेजात आम्ही मक्यावर केलं होतं, अख्खा दाणा पांढरा आणि मधे गर्भ कुंकवासारखा लाल. तेव्हा जर्नलात रंग भरून मोकळा झालो. तो लाल रंग म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा कामावर हजर असल्याचा अंगठा आहे हे पंधरा वर्षांनी कळलं.

स्वयंपाकघरातली तक्रार

हे आईचं. चवथीच्या दिवसांत मुगागाठीला मूग मोडवायचे आणि ते चिकट होतात, वास मारतात. कारण तेच, पातेलंभर पाण्यात रात्रभर आणि मग दुसरा अख्खा दिवस विसरून. आठ तास पुरे, मग निथळून फडक्यात, दिवसातून दोनदा धुवून परत निथळून. धुण्याने आंबलेलं पाणी जातं आणि नवीन हवा आत येते. मोड आल्यावर फ्रीजमध्ये ठेवतो तेव्हा आपण नेमका मायटोकॉन्ड्रियाचा वेग कमी करत असतो, दर १० अंशांना श्वसन साधारण निम्म्यावर येतं. म्हणून आधीपासूनच फ्रीजमध्ये मोडवायला ठेवले तर चार दिवस झाले तरी बसून राहतात. हेही आमच्याकडे झालंय.

डाळीच्या जातीच्या बियांत एक वेगळी गोम आहे. टरफल फुटलेलं असेल, मळणीत मार लागलेला असेल, तर पाणी एकदम आत घुसतं आणि कोरडे पडदे जागेवर बसायच्या आत फाटतात, आतली साखर बाहेर येते, पाणी गढूळ होतं आणि बुरशीला जेवण मिळतं. अळसांदे भिजवल्यावर तासाभरात पाणी पिवळट-चिकट झालं तर हेच. असे दाणे वेचून खायला घ्या आणि पेरायचे ते ओल्या मातीत सरळ टाका, भिजवूच नका.

भुईमूग तर अजून नाजूक. वाटाण्यासारख्या बियांच्या दळांत जुन्याच मायटोकॉन्ड्रियाची दुरुस्ती करून काम चालतं असं दिसलंय, शेंगदाण्यात मात्र मोठ्या प्रमाणावर नवे बनवावे लागतात. शिवाय त्याचा शिधा तेलाचा. तेल जाळायला पिठापेक्षा ऑक्सिजन जास्त लागतो, आणि हवा नसेल तर तेल आंबवून ऊर्जा काढायची सोयच नाही. म्हणून भातानंतर शेतात पाणी मुरायच्या आत घाई करून भुईमूग पेरला की अर्धा कुजतो. चार दिवस थांबा, ढेकूळ हातात फुटलं पाहिजे.

मिरचीचा ट्रे

यावर फार लिहीत नाही कारण नव्वद टक्के वेळा कारण एकच निघतं, कोकोपीट रोज सकाळी गच्च भिजवणं. मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकलं म्हणजे जास्त झालं. मिरची तशीच सुस्त, आठ-दहा दिवस आरामात घेते, कधी पंधरा, तेवढ्यात आपला धीर सुटतो आणि आपण अजून पाणी घालतो. खोल पेरू नका, बियाच्या दुप्पट जाडीची माती वर पुरे. काणकोणात खोल्याची मिरची पावसात डोंगरउतारावर लावतात ते बघून या, पाऊस कोसळत असतो पण मुळाशी पाणी थांबत नाही.

बी चांगलं, हवा चांगली, तरी उगवत नाही

असं वायंगणाच्या वेळी होतं, नुकतंच कापलेलं सरदाचं भात लगेच पेरायला घेतलं की. काही जातींचं बी कापणीनंतर काही आठवडे मुद्दाम झोपून राहतं, नाहीतर पावसात उभ्या कणसातच मोड आले असते. फडक्यातल्या चाचणीत ते कुजत नाही, टणक राहतं, वास येत नाही, नुसतं उगवत नाही, यावरून ओळखा. मेलेलं बी चिमटीत दाबलं की लिबलिबीत लागतं. अशा बियाण्याला दोन-तीन आठवडे आणि कडक ऊन द्या, मग पुन्हा १०० दाणे लावून बघा.

शेवटचा प्रश्न दरवर्षी येतोच: मोड काढून ठेवले आणि नेमका पाऊस इतका धरला की वाफा पाण्याखाली, आता वाळवून ठेवू का? नको. मूळ बाहेर पडायच्या आधीपर्यंत बी पुन्हा वाळवलं तर सहसा चालतं, एकदा मूळ बाहेर आलं की ती वाळून टिकायची ताकद जाते, आता मायटोकॉन्ड्रिया पूर्ण वेगात आहेत आणि परत झोपायचा रस्ता बंद झालाय. सावलीत, पडवीत जमिनीवर गोणपाट टाकून दोन बोटं जाडीचा थर करा, वर काही झाकू नका, थंड राहील एवढा हबका मारा, दोन दिवस तरी कळ काढतं. कोंबड्या मात्र सांभाळा. आमचं निळं पिंप अजून आहे, त्यात आता गाईसाठी पाणी भरतो.